ऑरलँडो: डिस्नीच्या आतल्या हॉटेलचे जास्तीचे पैसे खरंच वसूल होतात का?

प्राजक्त

नमस्कार मंडळी. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ऑरलँडोला, वॉल्ट डिस्नी वर्ल्डला जायचं ठरतंय. आम्ही सहा जण आहोत. मी, नवरा, आठ वर्षांची मुलगी, चार वर्षांचा मुलगा आणि सासू-सासरे. सासरे बहात्तर वर्षांचे आहेत. गुडघे दुखतात, पण हौस दांडगी. पाच रात्री राहणार, त्यातले चार दिवस पार्कचे: मॅजिक किंगडम, एपकॉट, हॉलिवूड स्टुडिओज आणि ॲनिमल किंगडम, प्रत्येकाला एक दिवस. गाडी आमचीच असेल.

तिकिटांचं ठरलंय, त्यात मागेपुढे करण्यासारखं काही नाही. घोडं अडलंय ते हॉटेलपाशी. गेले तीन आठवडे मुलं झोपली की मी लॅपटॉप उघडून बसते आणि रोज वेगळ्या निर्णयाला येते.

माझ्यासमोर आत्ता दोन पर्याय आहेत. पहिला, डिस्नीच्या बाहेर, गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर, दोन बेडरूम आणि स्वयंपाकघर असलेला सूट. रिसॉर्ट फी (हॉटेल भाड्यावर वेगळी लावतं ती सक्तीची फी) धरून रात्रीचे २०५ डॉलर, वर टॅक्स. दुसरा, डिस्नीच्या पॉप सेंच्युरीत दोन खोल्या, प्रत्येकी २१० डॉलर, म्हणजे रात्रीचे ४२०, वर टॅक्स. सरळसरळ दुप्पट. आणि दुप्पट देऊन मिळणार काय, तर २६० चौरस फुटांच्या दोन खोल्या. स्वयंपाकघर नाही, बसायला सोफा नाही.

माझी जाऊ दोनदा जाऊन आली आहे. ती म्हणते, बाहेर राहण्याचा विचारही करू नकोस, आत राहण्याची मजाच वेगळी. ऑफिसातली मैत्रीण म्हणते, आत राहणं म्हणजे पैसे उधळणं. दोघींनाही मी विचारलं की नक्की कशामुळे? दोघींचंही उत्तर "जाऊन बघ, कळेल" असंच आलं. इतके पैसे घातल्यावर कळून काय उपयोग?

मला कुणीतरी नीट समजावून सांगा. आत राहणाऱ्यांना ज्या सवलती मिळतात, त्यातल्या आमच्यासारख्या कुटुंबाच्या उपयोगाच्या कुठल्या? हा प्रवास सासू-सासऱ्यांसाठी आहे, इतकं आधीच सांगून ठेवते. त्यांचं इकडे येणं दरवर्षी होत नाही.

भटक्या

बाहेरच राहा. मी २००८ पासून पाच वेळा गेलोय, सुरुवातीला आत आणि आता बाहेर, त्यामुळे दोन्ही बाजू बघितल्या आहेत.

पूर्वी आत राहण्याला खरोखर अर्थ होता. २००५ पासून विमानतळावरून फुकट बस होती, मॅजिकल एक्सप्रेस. सामानाला आपल्याला हातही लावावा लागायचा नाही, बॅगा थेट खोलीत पोचायच्या. ती २०२२ च्या सुरुवातीला बंद झाली. मनगटात घालायचा मॅजिकबँड फुकट मिळायचा, तोही २०२१ पासून विकत. फास्टपास, म्हणजे राइडला छोट्या रांगेने जायचा पास, सगळ्यांनाच फुकट होता आणि आत राहणाऱ्यांना तो ६० दिवस आधी घेता यायचा, बाकीच्यांना ३० दिवस. आता त्याच रांगेला लाइटनिंग लेन म्हणतात आणि त्याचे वेगळे पैसे मोजावे लागतात, तुम्ही आत राहा की बाहेर. आत राहणाऱ्यांसाठी काही पार्क सकाळी तासभर लवकर उघडायचे नाहीतर रात्री दोन तास जास्त चालायचे, ते जाऊन आता सकाळचा अर्धा तास उरलाय. मधल्या काळात, २०१८ ला, हॉटेलात रात्री गाडी लावायचेही पैसे घ्यायला लागले होते. ते २०२३ च्या जानेवारीत मागे घेतले, तेवढं एक बरं केलं.

म्हणजे खोलीचा भाव चढत गेला आणि सोबत मिळायचं ते एकेक करून काढून घेतलं. मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण माझ्या मुलांचं लहानपण त्या जागेशी जोडलेलं आहे. पण वाईट वाटतं म्हणून दुप्पट पैसे देणार नाही. दोन बेडरूमच्या सूटमध्ये सासू-सासऱ्यांना दार लावून झोपता येईल, सकाळी सगळ्यांचं खाणं घरीच होईल. सहा माणसांचा पार्कातला नाश्ता वाचला तरी पुष्कळ झालं.

तिथे किंमत ठरवणाऱ्यांचाही अंदाज चुकतो. स्टार वॉर्सचं गॅलॅक्टिक स्टारक्रूझर नावाचं हॉटेल त्यांनी मार्च २०२२ ला उघडलं. दोघांना दोन रात्रींचे ४,८०० डॉलरच्या आसपास. दीड वर्षात, सप्टेंबर २०२३ ला बंद करावं लागलं. जे गेले ते भरभरून बोलतात, पण तेवढे पैसे देणारे पुरेसे निघाले नाहीत. लोकांनी हात आखडता घेतला तरच भाव ताळ्यावर येतात.

हिशेबवही

प्राजक्त, तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. आमचंही कुटुंब अगदी असंच होतं: आम्ही दोघं, दोन मुली आणि माझे आई-वडील. आम्ही २०१९ च्या मार्चमध्ये बाहेर राहिलो आणि २०२३ च्या फेब्रुवारीत पॉप सेंच्युरीत. दोन्ही वेळी मी रोजचा खर्च आणि वेळा वहीत लिहून ठेवल्या होत्या. ती वही आत्ता समोर आहे.

आधी तुमच्या आकड्यांची नीट बेरीज करू. बाहेरचा सूट, २०५ गुणिले पाच म्हणजे १,०२५. ऑरलँडोच्या ऑरेंज काउंटीत (काउंटी म्हणजे जिल्हा) खोलीवर साडेबारा टक्के कर लागतो, तो धरून १,१५३. शेजारच्या ऑसिओला काउंटीत एक टक्का जास्त आहे, तेव्हा हॉटेल कुठल्या काउंटीत पडतं ते बघा. वर पार्कातलं पार्किंग. २०२३ च्या ऑक्टोबरात ते दिवसाला ३० डॉलर झालं, चार दिवसांचे किमान १२० धरा. एकूण १,२७३. पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्या, ४२० गुणिले पाच म्हणजे २,१००, कर धरून २,३६२. तिथे रिसॉर्ट फी नाही आणि पार्कचं पार्किंग फुकट. फरक १,०९० डॉलरचा. रात्रीचा भाव दुप्पट दिसतो तितका एकूण फरक दुप्पट नाही, पण थोडाही नाही.

आता याच्या बदल्यात काय मिळतं ते बघू. मी ते तासांत मोजते, कारण तिकिटाचे पैसे तुम्ही तासांसाठीच देता. चार दिवसांचं तिकीट माणशी, दिवसाला सरासरी १४० च्या घरात पडतं असं धरू. सहा जणांचे दिवसाला ८४०. बारा तास पार्क चालला तर तासाचे ७०. हॉटेलमधला फरक दिवसाला २७२ पडतो, म्हणजे आत राहून रोज जवळजवळ चार तास जास्त हाती लागायला हवेत. तेवढे लागत नाहीत. सकाळचा अर्धा तास, जाण्यायेण्यातला वाचलेला तास-दीड तास, असे दोन तास लागतात. म्हणून भटक्या म्हणतात त्यात चूक काही नाही. नुसत्या हिशेबाने पाचही रात्री आत राहणं परवडत नाही.

पण आमच्या २०१९ च्या वहीत एक पान आहे. मॅजिक किंगडमचा दिवस. हॉटेलचं नाव घेत नाही. त्यांनी फुकट शटल आहे असं सांगितलं होतं म्हणून आम्ही भाड्याची गाडीसुद्धा घेतली नव्हती. सकाळी सव्वाआठला येणारी बस पावणेनऊला आली आणि आणखी तीन हॉटेलांची माणसं घेत गेली. आता एक गोष्ट, जी मला कुणीच आधी सांगितली नव्हती. मॅजिक किंगडमला बाहेरून येणारा माणूस बसने येवो की गाडीने, दारापाशी पोचतच नाही. तो उतरतो ट्रान्सपोर्टेशन अँड टिकिट सेंटरला, आणि तिथून मोनोरेल नाहीतर फेरीबोट घेऊन तळ्यापलीकडे जावं लागतं. डिस्नीच्या हॉटेलांच्या बस मात्र पार्काच्या दाराजवळ सोडतात. आम्ही हॉटेलच्या दारातून निघाल्यापासून पार्कात पाय टाकेपर्यंत एक तास पन्नास मिनिटं गेली.

दुपारी एक वाजता धाकटी रडायला लागली, आईचे पाय सुजले. परत जावं म्हटलं तर शटल एकदम साडेचारला. मग बसलो तिथेच, जिथे सावली मिळेल तिथे. रात्री आतषबाजी झाल्यावर मोनोरेलची रांग, मग शटलची वाट. १० वाजून ४० मिनिटांनी, असं वहीत लिहिलंय, बाबा फुटपाथच्या कडेला बसले होते. धाकटी त्यांच्या मांडीवर झोपलेली, तिचा एक बूट कुठेतरी पडलेला. बाबांनी तिच्या पायावर स्वतःची टोपी घालून ठेवली होती. ते एका शब्दाने काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त म्हणाले, "तुम्ही जा, आम्ही दोघं आज खोलीवरच बसतो." दोन तिकिटं वाया गेली आणि त्याहून वाईट म्हणजे तो दिवस त्यांच्याशिवाय गेला. निघताना बिलात रोजच्या रिसॉर्ट फीची ओळ निघाली, ती वेगळीच. (ते आता होणार नाही. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलला अशी सक्तीची फी पहिल्यापासून भावात धरूनच दाखवावी लागते. कर मात्र नंतर लागू शकतो.)

२०२३ ला आम्ही पॉप सेंच्युरी घेतलं ते केवळ स्कायलायनरसाठी. ही डोक्यावरून जाणारी केबिनची तार आहे, २०१९ च्या सप्टेंबरात सुरू झाली. पॉप सेंच्युरी आणि आर्ट ऑफ ॲनिमेशन या दोन हॉटेलांच्या मधल्या तळ्यावर तिचं स्टेशन आहे. कॅरिबियन बीचला बदलून एपकॉट नाहीतर हॉलिवूड स्टुडिओज गाठता येतं. रोज दुपारी एकच्या सुमारास आम्ही पार्कातून निघायचो आणि अर्ध्या-पाऊण तासात आई पलंगावर पाय वर करून पडलेली असायची. साडेचारला चहा घेऊन पुन्हा निघायचो. बाबांना तर केबिनचंच वेड लागलं. खिडकीपाशी बसायचे आणि खालच्या तळ्यातली सावली बघत राहायचे. चारही दिवस ते रात्रीची आतषबाजी बघून आले. २०१९ ला एकदाही बघून झाली नव्हती धडपणे.

म्हणून माझं म्हणणं असं. जाहिरातीतल्या सवलती बाजूला ठेवा आणि स्वतःला एकच विचारा, आम्ही दुपारी खोलीवर परत येणार आहोत का? येणार असाल तर जवळची खोली घ्या. नसाल, सकाळी जाऊन रात्रीच येणार असाल, तर बाहेरचा मोठा सूट घ्या आणि वाचलेले पैसे पार्कात खर्च करा. तुमच्या घरात चार वर्षांचा मुलगा आणि दुखऱ्या गुडघ्यांचे सासरे आहेत. मला वाटतं, दुपारी परत यावंच लागेल.

निळीशाई

या धाग्यात युनिव्हर्सलचं, म्हणजे ऑरलँडोतल्याच दुसऱ्या कंपनीच्या पार्कांचं, नाव कुणी काढलं नाही म्हणून लिहिते. हॉटेलची सवलत खऱ्या अर्थाने वसूल होते ती तिथे. युनिव्हर्सल ऑरलँडोच्या हॉटेलांपैकी तीन लक्षात ठेवायची, पोर्टोफिनो बे, हार्ड रॉक आणि रॉयल पॅसिफिक. यात राहिलात तर खोलीतल्या प्रत्येकाला एक्सप्रेस अनलिमिटेड फुकट, म्हणजे बहुतेक राइड्सना छोट्या रांगेने हवं तितक्या वेळा जाता येतं. येण्याचा आणि जाण्याचा दिवसही धरतात, त्यामुळे एका रात्रीच्या खोलीत दोन दिवसांचा पास मिळतो. हाच पास वेगळा घेतला तर गर्दीच्या दिवशी चौघांच्या पासांत खोलीचं भाडं निघून जातं. आम्ही एक रात्र राहिलो, दोन दिवस फिरलो, कुठेही अर्ध्या तासाहून जास्त उभं राहावं लागलं नाही.

दोन गोष्टी लक्षात ठेवा. हा पास युनिव्हर्सल स्टुडिओज आणि आयलंड्स ऑफ ॲडव्हेंचर या दोन जुन्या पार्कांपुरताच आहे. २२ मे २०२५ ला उघडलेल्या एपिक युनिव्हर्सला तो चालत नाही. आणि तिथल्या हॉटेलांत गाडी लावायचे पैसे पडतात.

चार वर्षांच्या मुलाला मात्र युनिव्हर्सलपेक्षा डिस्नीच बरं, उंचीच्या अटीमुळे. प्राजक्त, तुमच्या मुलाची उंची मोजून ठेवा. मॅजिक किंगडमची सेव्हन ड्वार्फ्स माइन ट्रेन आणि हॉलिवूड स्टुडिओजची स्लिंकी डॉग डॅश, दोन्हींना ३८ इंच लागतात. तो बसू शकत नसेल तिथे रायडर स्विच मागा. एकाने मुलापाशी थांबायचं, दुसरा जाऊन आला की पहिल्याने पुन्हा पूर्ण रांग न लावता जायचं. हे सगळ्यांना फुकट आहे, हॉटेल कुठलंही असो.

प्राजक्त

हिशेबवही ताई, तुमच्या बाबांची टोपी वाचून मी उठून सासऱ्यांच्या खोलीत डोकावून आले. ते शांत झोपले होते. मनापासून आभार.

मुलगा ३९ इंच भरला! स्वयंपाकघराच्या दाराला टेकवून मोजला.

आता खरं सांगते, पाच रात्रींचे १,०९० डॉलर जास्त आम्हाला जड जातात. तुम्ही म्हणता चार तास मिळत नाहीत, दोनच मिळतात. मग याला मधला रस्ता काही आहे का? आणि सकाळच्या अर्ध्या तासाचा कितपत उपयोग होतो? साडेआठचा पार्क आठला उघडला तर सहा माणसं आवरून निघणार कधी? शिवाय जाऊ म्हणते, राहायचंच तर मोठ्या हॉटेलात राहा, म्हणजे रात्री जास्त वेळ पार्क मिळतो.

हिशेबवही

मधला रस्ता आहे. आधी जाऊबाईंचं बघू. रात्रीचे ते दोन तास फक्त डिलक्स, म्हणजे महागड्या, हॉटेलांत राहणाऱ्यांना आणि तेही ठरावीक रात्रीच मिळतात. पार्क बंद झाल्यावर सुरू होतात. चार वर्षांचं मूल तेव्हा तुमच्या खांद्यावर असतं. त्यासाठी दुप्पट-तिप्पट भाव देऊ नका. सकाळचा अर्धा तास मात्र डिस्नीच्या प्रत्येक हॉटेलला सारखाच आहे. सगळ्यात स्वस्त ऑल-स्टारला तोच, ग्रँड फ्लोरिडियनलाही तोच, रोज आणि चारही पार्कांत. लाइटनिंग लेनचंही तसंच. डिस्नीच्या हॉटेलात राहणाऱ्याला मुक्कामाच्या सात दिवस आधी सगळ्या दिवसांचं बुकिंग एकदम करता येतं, बाहेरच्याला त्या त्या दिवसाच्या तीन दिवस आधी. स्लिंकी डॉगसारख्या राइडच्या वेळा लवकर संपतात, तिथे हा फरक जाणवतो. या दोन्ही बाबतींत भारीतलं हॉटेल घेऊन जास्त काही मिळत नाही.

अर्ध्या तासाचा उपयोग मॅजिक किंगडमला सगळ्यात जास्त. त्या वेळात फँटसीलँड आणि टुमॉरोलँड एवढेच भाग उघडे असतात, आणि लहान मुलांच्या राइड्स नेमक्या फँटसीलँडमध्ये. पीटर पॅनची रांग दिवसभर हलत नाही. आम्ही त्या अर्ध्या तासात ती आणि विनी द पू अशा दोन्ही उरकल्या होत्या. पण त्यासाठी उघडण्याच्या आधी दारात उभं राहावं लागतं. रोज नका जमवू. मॅजिक किंगडमच्या दिवशी एकदा जमवा. आई-बाबांना आम्ही मागून दहा वाजता बोलावलं होतं. हॉटेलची बस मिळते, त्यामुळे त्यांना एकट्याने येता येतं. ही सोय बाहेरून नाही.

आता रस्ता. या सवलती येण्याच्या दिवशी सकाळपासून लागू होतात आणि निघण्याच्या दिवशी संपूर्ण दिवस चालतात. म्हणजे तीन रात्रींत चार पार्कदिवस बसतात. पहिल्या दोन रात्री बाहेरच्या सूटमध्ये काढा. सासू-सासरे लांबचा प्रवास करून आलेले असतील तर त्यांना तो आराम हवाच, आणि स्वयंपाकघरही वापरून होईल. तिसऱ्या दिवशी सकाळी सामान गाडीत टाकून निघा. बाहेरच्या दोन रात्री कर धरून ४६१, पॉप सेंच्युरीच्या दोन खोल्या तीन रात्री कर धरून १,४१७. एकूण १,८७८. पार्किंग फुकट. संपूर्ण बाहेर राहण्यापेक्षा ६०५ जास्त. दिवसाला १५१ पडतात, म्हणजे आपल्या तासाच्या भावाने दोन तासांचे. ते दोन तास तुम्हाला नक्की मिळतील, आणि दुपार वरती.

अडचण एकच. खोली दुपारी तीनच्या सुमारास मिळते, त्यामुळे पहिल्या पार्कदिवशी दुपारची झोप नाही. म्हणून त्या दिवशी ॲनिमल किंगडम घ्या. तिथला दिवस लवकर सुरू होऊन लवकर संपतो, सफारी सकाळीच बरी. तीन-साडेतीनला थेट खोलीवर. मॅजिक किंगडम आणि एपकॉट मधल्या दोन दिवसांत, जेव्हा खोली दिवसभर तुमची असते. शेवटच्या दिवशी अकराला खोली सोडावी लागते. सकाळी निघतानाच सामान गाडीत भरा आणि हॉलिवूड स्टुडिओज करा.

मॅजिक किंगडमला स्कायलायनर जात नाही, हॉटेलची बस घ्यायची. आणि वीज कडाडली की स्कायलायनर थांबवतात, तेव्हा बसच्या थांब्याकडे चालावं लागतं. जानेवारीत वादळं कमी, फार काळजी नको. सासरे चालत्या केबिनमध्ये चढायला घाबरत असतील तर तिथल्या माणसाला सांगा, हळू चालणाऱ्यांना आणि व्हीलचेअरला काही स्टेशनांवर वेगळ्या बाजूला थांबलेली केबिन मिळते. बाबांना आम्ही पहिल्या दिवशी तिकडूनच बसवलं. दुसऱ्या दिवशी ते स्वतःच चालत्या रांगेत जाऊन उभे राहिले.

भटक्या

तीन रात्रींत चार दिवस, हे मला इतक्या वेळा जाऊनही सुचलं नव्हतं. माझं बाहेरच राहण्याचं मत मागे घेतो, निदान या कुटुंबापुरतं.

एक भर घालतो. डिस्नी स्प्रिंग्ज या डिस्नीच्या खरेदी-खाण्याच्या भागाजवळ दुसऱ्या कंपन्यांची काही हॉटेलं आहेत, त्यांनाही सकाळचा अर्धा तास मिळतो आणि भाव बरेचदा पॉप सेंच्युरीहून कमी असतो. पण रिसॉर्ट फी आणि पार्किंग विचारून घ्या. आणि कुणी डिस्नीच्याच ओल्ड की वेस्ट रिसॉर्टचा दोन बेडरूमचा व्हिला सुचवला तर, जागा ऐसपैस आहे, नऊ माणसं राहू शकतात, पण तिथल्या मोजक्याच इमारतींना लिफ्ट आहे. सासऱ्यांचे गुडघे लक्षात घेऊन सांगतो, खालचा मजला किंवा लिफ्टची इमारत पक्की झाल्याशिवाय घेऊ नका. माझ्या सासूबाईंना आम्ही दुसऱ्या मजल्यावर चढवलं होतं, पाच दिवस. ते अजून मनाला लागतं.

प्राजक्त

बुक केलं. दोन रात्री बाहेर, तीन रात्री पॉप सेंच्युरी. नुसती खोलीच घेतली, खोली आणि तिकिटांचं एकत्र पॅकेज नाही, कारण मुलं आजारी पडली तर थोडे दिवस आधीपर्यंत रद्द करता यावं. पॅकेजला ती मुदत तीस दिवसांची आहे असं दिसलं. एका रात्रीचे पैसे आत्ता भरले, बाकीचे तिथे गेल्यावर.

सासूबाई आणि मुलगी एका खोलीत, मुलगा आमच्याबरोबर, आणि सासरे म्हणाले मी नातीच्या खोलीत. म्हणजे तेच, तिघं एका खोलीत. सासऱ्यांना रात्री जेवताना स्कायलायनरचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा बघितला आणि विचारलं, "खिडकीची जागा मागता येते का?"

हिशेबवही

खिडकी सगळ्यांनाच मिळते, त्यांना सांगा. केबिनला चारही बाजूंनी काच आहे.

ऑनलाइन चेक-इन करताना दोन गोष्टींची मागणी नोंदवा: दोन्ही खोल्या शेजारी आणि खालच्या मजल्यावर, तळ्याच्या जवळच्या इमारतीत. मागणी पुरी होईलच असं नाही, म्हणून त्याआधी दोन दिवस फोनही करा. आम्हाला तळ्याजवळची इमारत मिळाली होती. दारातून स्टेशनपर्यंत बाबांच्या पावलांनी सहा मिनिटं.